लांडगेमाणसांच्या प्रेमकथा : हुकमत आणि विश्वासघात

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावले तेव्हा आम्ही किमान वेतनावर किंवा कंत्राटी कामगारांच्या प्रश्नावर बोलू, अशी त्यांची अपेक्षा असावी. गेली तीस वर्षे आम्ही तेच करीत आलो आहोत. परंतु यंदा आम्ही जो विषय मागून घेतला, तो ऐकून चालकांपैकी एकाने आमच्याकडे जरा काळजीने पाहिले. रूप पालटून लांडगा होणारी माणसे आणि त्यांच्या प्रेमकथा हा साठीकडे झुकलेल्या कामगार कार्यकर्त्याचा विषय नव्हे, हे आम्हांसही मान्य आहे. तेव्हा तो आमच्याकडे कसा आला, एवढे आधी सांगितले पाहिजे.

आमच्या युनियनमध्ये शिलाई कारखान्यात काम करणारी एक मुलगी आहे. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडण्याआधी ती मोबाईल उघडते. एके दिवशी गेटसभेच्या आधी तिने आम्हांस विचारले, "काका, एक विचारू? त्यानं तिला सगळ्यांपुढं नाकारलं, दुसरीबरोबर राहिला, आणि आता परत न्यायला आलाय. तिनं जावं का?" आम्हांस वाटले, कोणा नातेवाइकाची गोष्ट असेल. चौकशी केली तेव्हा तो नवरा लांडगा निघाला. आम्ही हसलो. ती मात्र हसली नाही. तेव्हा आम्ही म्हणालो, "वाचून सांगतो."

आमचे शिक्षण नववीपर्यंत. औद्योगिक न्यायालयाचे निवाडे वाचता यावेत म्हणून मांडीवर शब्दकोश घेऊन आम्ही इंग्रजी शिकलो. त्याच शब्दकोशाच्या आधाराने या प्रकारातल्या काही कादंबऱ्या आम्ही वाचल्या. वाचून जे हाती लागले ते आपणांपुढे ठेवीत आहो.

प्रथम हा प्रकार काय आहे ते पाहू. इंग्रजीत याला 'पॅरानॉर्मल रोमान्स' म्हणतात. आपल्याकडे जुन्या समीक्षकांनी ज्यांना अद्भुतरम्य कादंबऱ्या म्हटले, त्यांच्याच जातकुळीचा हा प्रकार आहे. 1861 साली निघालेली लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' आणि तिच्यामागून आलेल्या कादंबऱ्या आपल्या पणजोबांच्या पिढीने आवडीने वाचल्या. तेव्हा अद्भुताला नाके मुरडण्याचा अधिकार आपल्याला फारसा नाही. या इंग्रजी कादंबऱ्यांतले नायक, आणि पुष्कळदा नायिकाही, रूप पालटू शकतात. कोणी बिबळ्या होतो, कोणी अस्वल होतो, परंतु सर्वांत मोठा भरणा लांडग्यांचा. ही माणसे टोळी करून राहतात. टोळीचा एक म्होरक्या असतो. त्याला 'अल्फा' म्हणतात. त्याची आज्ञा मोडता येत नाही. प्रत्येकाला नियतीने एक जोडीदार नेमून दिलेला असतो आणि तो समोर येताच, बहुधा नुसत्या वासावरून, ओळखू येतो. या दोन नियमांवर सारी इमारत उभी असते. पहिला नियम हुकमतीचा, दुसरा नियतीचा.

रूप पालटण्याची कल्पना मात्र फार जुनी आहे आणि तिच्या सोबतीला विश्वासघातही जुनाच आहे. इंद्राने गौतमाचे रूप घेतले. शाप दोघांना मिळाला, पण लोकांच्या स्मरणात शिळा होऊन पडली ती अहल्या. बाराव्या शतकात मारी द फ्रान्स या कवयित्रीने 'बिस्क्लाव्रे' नावाची पद्यकथा लिहिली. तीत एक सरदार दर आठवड्यास तीन दिवस नाहीसा होतो. बायको खोदून खोदून विचारते, तेव्हा तो सांगतो की आपण लांडगा होतो आणि परत माणूस होण्यासाठी आपले कपडे आपल्याला लागतात. ती भ्याली. तिने आपल्यावर लुब्ध असलेल्या एका वीराला हाताशी धरले, कपडे पळवले आणि त्याच्याशी लग्न लावले. पुढे तो लांडगा राजाच्या शिकारीत सापडतो, राजाच्या पायाशी लोळण घेतो आणि दरबारात पाळीव होऊन राहतो. एके दिवशी बायको समोर येताच तो तिचे नाक चावून तोडतो. तिचा छळ करून तिच्याकडून सत्य वदवले जाते, कपडे परत येतात आणि सरदार पुन्हा माणूस होतो.

या कथेत विश्वासघात स्त्रीने केला आहे आणि लांडगा थोर ठरला आहे, कारण त्याने धन्याशी इमान राखले. सरंजामशाहीतली ही नीती आहे. आपल्या नवऱ्याला भिणाऱ्या बाईने काय करायला हवे होते, हा प्रश्न कथेत कोणी विचारीत नाही.

आठशे वर्षांनी हा पट उलटला. 1993 साली लॉरेल हॅमिल्टन यांची कादंबरीमाला सुरू झाली, 1999 साली क्रिस्टीन फीहान यांची 'डार्क प्रिन्स' आली आणि 2005 साली स्टेफनी मायर यांच्या 'ट्वायलाइट'ने या प्रकाराला जगभर वाचक मिळवून दिले. बहुतेक लेखिका स्त्रिया, बहुतेक वाचकही स्त्रिया. आता दगा खाणारी नायिका असते आणि दगा देणारा नायक. मग प्रश्न असा उभा राहतो, की दगा देणाऱ्याला कादंबरीच्या शेवटी नायिका मिळायची असेल, तर त्याचा अपराध धुऊन कसा काढायचा? आमच्या वाचनात आले त्याप्रमाणे त्यासाठी दोन साबण वापरले जातात. एकाचे नाव स्वभाव आणि दुसऱ्याचे नाव नशीब.

आधी स्वभावाचे पाहू. म्होरक्या दरडावतो, पाळत ठेवतो, नायिकेला कोठे जाऊ देत नाही, दुसऱ्या पुरुषाने तिच्याकडे पाहिले तर गुरगुरतो. लेखिका सांगते, तो काय करणार? लांडग्याची जातच तशी. हे वाचून आम्हांस खऱ्या लांडग्यांविषयी कुतूहल वाटले आणि जे कळले ते कामगार चळवळीतल्या माणसाने ऐकण्यासारखे आहे.

'अल्फा' ही कल्पना लोकप्रिय झाली ती रूडॉल्फ शेन्केल या स्विस संशोधकाच्या 1947 सालच्या निबंधापासून. त्याने बाझल येथील प्राणिसंग्रहालयातले लांडगे पाहिले होते. ते एका आवारात कोंडलेले होते. त्यांच्यात वरचढ कोण यावरून सतत झटापट चाले. 1970 साली डेव्हिड मेक या अमेरिकन शास्त्रज्ञाने लांडग्यांवर मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यातून ही कल्पना घरोघर पोचली. परंतु हाच मेक पुढे 1986 पासून कॅनडाच्या उत्तर टोकाला, एल्समिअर बेटावर, मोकळ्या लांडग्यांजवळ कित्येक उन्हाळे राहिला. तेथे त्याला दिसले की रानातली टोळी म्हणजे बहुधा एक कुटुंब असते. आई, बाप आणि त्यांची पिल्ले. आईबाप पुढे चालतात ते आईबाप म्हणून. कोणाला लोळवून नव्हे. पिल्ले मोठी झाली की बाहेर पडतात आणि आपला संसार थाटतात. 1999 साली त्याने तसा निबंध लिहिला आणि स्वतःचा जुना ग्रंथ छापणे बंद करावे म्हणून प्रकाशकाच्या मागे लागला. अखेर 2022 साली तो छापणे थांबले. आपली चूक इतक्या चिकाटीने निस्तरणारी माणसे आम्ही फार थोडी पाहिली आहेत.

आता यातली मेख पाहा. ज्याला लांडग्याचा स्वभाव म्हटले गेले, तो कोंडलेल्या लांडग्याचा स्वभाव होता. ज्याला बाहेर पडायला वाट नाही, त्याच्यावरच अशी हुकमत चालते. आमचे आजोबा मुंबईच्या गिरणीत बदली कामगार होते. सकाळी गेटवर माणसे उभी राहत आणि जॉबर ज्याच्याकडे बोट दाखवील तो आत जाई. जॉबरचे मनगट काही फार मोठे नव्हते, असे आजोबा सांगत. त्याची दहशत होती ती एवढ्यासाठी, की त्याच्या बोटावाचून त्या दिवशी चूल पेटत नसे. लोक म्हणत, 'जॉबर म्हटला की तो तसा असायचाच.' पुढे भरतीचे नियम झाले, युनियन आली, आणि जॉबरचा तो 'स्वभाव' हळूहळू निवळला. स्वभाव असता तर नियमाने कसा बदलला असता?

दुसरा साबण नशिबाचा. 'ट्वायलाइट'च्या मालिकेत सॅम नावाचा तरुण आहे. त्याचे लिआ या मुलीशी जुळलेले असते. एके दिवशी लिआची बहीण लागणारी एमिली त्याच्या दृष्टीस पडते आणि नियतीचा धागा जुळतो. सॅम लिआला सोडतो. लेखिका म्हणते, यात त्याचा दोष नाही. धागा जुळला की माणसाचे काही चालत नाही. पुढे लिआही लांडगी होते, आणि टोळीतल्या सर्वांचे विचार एकमेकांस ऐकू येत असल्यामुळे ज्याने तिला सोडले त्याच्या मनातले दुसरीवरचे प्रेम तिला रोज ऐकावे लागते. वर तो म्होरक्या; त्याची आज्ञा मोडायची सोय नाही. तिची चीड होते तेव्हा टोळीतली पोरे तिलाच कजाग म्हणतात. त्याच सॅमने एकदा संतापाच्या भरात एमिलीचा चेहरा ओरबाडून कायमचा विद्रूप केलेला असतो, आणि तरी त्यांचे प्रेम आदर्श म्हणून दाखवले जाते. दगा झाला, जखमही झाली, पण दोषी कोणी नाही. असा पंचनामा आम्ही कारखान्यातल्या अपघातांचे वेळी पुष्कळदा वाचला आहे.

केली आर्मस्ट्राँग या कॅनडाच्या लेखिकेची 'बिटन' ही 2001 सालची कादंबरी आम्हांस याहून प्रामाणिक वाटली. तीत एलेनाचे लग्न क्लेटनशी ठरलेले असते. तो लांडगेमाणूस आहे हे तिला ठाऊक नसते. तिला न विचारता तो तिला चावतो, आणि ती जगातली एकमेव लांडगेस्त्री होते. वर्षानुवर्षे ती त्याला क्षमा करीत नाही. टोरांटोला जाऊन दुसऱ्या माणसाबरोबर सरळ संसार करू पाहते. शेवटी ती क्लेटनकडे परतते खरी, परंतु 'तू माझे आयुष्य मला न विचारता बदललेस' हा आरोप कादंबरी पुसून टाकीत नाही. अपराधाला अपराध म्हणण्याचे धैर्य तीत आहे.

पॅट्रिशिया ब्रिग्ज यांनी तर आमच्या धंद्यातलीच एक गोष्ट पकडली आहे. त्यांच्या 2007 सालच्या 'अल्फा अँड ओमेगा' या कथेत शिकागोच्या टोळीतली ॲना ही तरुणी आहे. तिला तिच्या मनाविरुद्ध लांडगी केलेले असते आणि तू सर्वांच्या खालची, कोणीही तुला हुकूम सोडावा, असे तिच्या मनावर बिंबवून तिचे हाल केलेले असतात. एके दिवशी एका हरवलेल्या मुलाचे छायाचित्र वर्तमानपत्रात पाहून ती धीर करते आणि सर्व टोळ्यांच्या वरिष्ठाला फोन करते. चौकशीला माणूस येतो तेव्हा उलगडा होतो, की ती खालची नाहीच. ती उतरंडीच्या बाहेरची आहे. कोणा म्होरक्याची आज्ञा पाळण्याचे तिला मुळी बंधनच नव्हते. आणि ही गोष्ट तिच्यापासून मुद्दाम लपवून ठेवलेली होती. हे वाचताना आम्ही पुस्तक खाली ठेवले. आपला हक्क काय आहे हे ज्याला ठाऊकच नाही, अशा कामगाराला राबवून घेणे किती सोपे असते, हे आम्ही उभ्या आयुष्यात पाहिले आहे. त्या कथेतला खरा विश्वासघात मारहाणीहून मोठा आहे. तो अज्ञानात ठेवण्याचा आहे.

मग बायका हे का वाचतात? येथे शहाण्या पुरुषांनी जरा दमाने घ्यावे. जॅनिस रॅडवे या अमेरिकन विदुषीने 1984 साली 'रीडिंग द रोमान्स' हा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या बायकांशी ती प्रत्यक्ष बोलली. तेव्हा लांडग्यांची लाट आलेली नव्हती, पण कठोर नायक होताच. वाचणारणींनी तिला सांगितले, की वाचनाचा वेळ हा आमचा स्वतःचा वेळ. तेवढ्यापुरते नवरा आणि मुले यांच्या हाकेला ओ द्यावी लागत नाही. म्हणजे ही त्यांची जेवणाची सुट्टीच म्हणायची. परंतु रॅडवेने दुसरीही गोष्ट टिपली. अशा कथा शेवटी स्त्रीला असे शिकवतात, की पुरुषाच्या कठोरपणाचा अर्थ तिने नव्याने लावावा, आतले प्रेम ओळखावे. त्याने वागणूक बदलावी हा आग्रह मागे पडतो. आम्हांस वाटते, लांडग्याच्या कातड्याने हे काम अधिकच सोपे केले. पूर्वी नायकाच्या कठोरपणाला काहीतरी कारण शोधावे लागे. आता कातडेच कारण झाले.

मोबाईलवरच्या कथांत आणखी एक भानगड आहे. तेथे 'नाकारलेल्या जोडीदारणी'च्या कथांचे पेव फुटले आहे. म्होरक्या भर टोळीपुढे ठरावीक शब्दांत नायिकेला नाकारतो. ती परागंदा होते. पुढे ती कोणी थोर असल्याचे निघते आणि तो पस्तावून पाठीस लागतो. पुष्कळ ॲपांवर पहिले काही भाग फुकट असतात आणि पुढचा प्रत्येक भाग पैसे भरून उघडावा लागतो. जेथे भागागणिक कमाई आहे, तेथे तंटा मिटण्यात कोणाचा फायदा? म्हणून दगा लांबत जातो, माफी लांबत जाते. कज्जा लांबवून फी घेणारे वकील आपण पाहिलेले आहेत. त्यात नवल वाटण्याचे कारण नाही.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. त्याचे उत्तर आम्हांस कादंबरीत सापडले नाही. ते एका जुन्या संपाच्या आठवणीत सापडले. आमचा एक जिवलग सहकारी त्या संपात फुटला. त्याने व्यवस्थापनाकडून पैसे घेतले, पुढाऱ्यांची नावे दिली आणि अकराव्या दिवशी पहिल्या पाळीला आत गेला. त्याने दिलेल्या नावांपैकी तिघांच्या नोकऱ्या गेल्या. दोन वर्षांनी तो युनियनच्या कचेरीत आला आणि म्हणाला, "तेव्हा माझं डोकं फिरलं होतं. घरची परिस्थितीच तशी होती." हेही स्वभाव आणि नशीबच! आमच्यातला एक वृद्ध मशिनवाला म्हणाला, "ते असू दे. हिशेब सांग."

त्याने सांगितला. गेटवर, सर्वांसमोर, किती घेतले, कोणाची नावे दिली, कोणापाशी दिली. मग कामगार न्यायालयात त्याने तशी साक्ष दिली. त्यात त्याची स्वतःची नोकरी धोक्यात आली, तरी दिली. तिघांपैकी एकाला काम परत मिळाले. सभासदांनी त्याला पुन्हा घेतले ते साधा सभासद म्हणून. पद पुन्हा कधी दिले नाही. आणि ज्या दोघांना काम मिळाले नाही, त्यांच्यापैकी एकाची बायको त्याच्याशी अखेरपर्यंत बोलली नाही. तिने बोलावे असे आम्ही कोणी तिला कधी सांगितले नाही. माफी ही वसूल करण्याची बाब नव्हे, एवढे आम्हांस कळत होते.

यावरून आम्ही असे म्हणतो. दगा देणारा परत आला तर त्याचा स्वभाव विचारू नये आणि पत्रिकाही पाहू नये. त्याने हिशेब द्यावा, झालेले नुकसान भरण्यासाठी स्वतः झळ सोसावी, आणि ज्या जागेच्या जोरावर दगा दिला ती जागा सोडावी. इतके करूनही समोरच्याला 'नाही' म्हणण्याची मोकळीक राहिली पाहिजे. ज्या कादंबऱ्यांत म्होरक्याला हे सारे करावे लागते, त्या वाचाव्यात. मग त्यात माणसाचा लांडगा होवो की वाघ होवो. 'ट्वायलाइट'च्या मालिकेतही 2008 सालच्या शेवटच्या भागात जेकब नावाचा तरुण सॅमचा अन्यायाचा हुकूम झुगारून टोळीबाहेर पडतो, आणि लिआ त्याच्यामागे जाते. म्होरक्याची आज्ञा मोडता येत नाही, हा नियम त्या क्षणी मोडतो. सबंध मालिकेत आम्हांस सर्वांत आवडलेली जागा ती.

हे सारे आम्ही त्या मुलीला आमच्या भाषेत सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "काका, ताई आठ महिने घरी आहे. दाजी न्यायला आले होते. मामा म्हणतात, पुरुषाचा स्वभावच तसा. आजी म्हणते, नशिबात असतं ते भोगावं." तेव्हा आमच्या ध्यानात आले, की पहिल्या दिवशी ती का हसली नव्हती.

आम्ही ताईला भेटलो. नवऱ्याच्या घरात राहण्याचा हक्क, संरक्षणाचा आदेश, पोटगी, हे सारे देणारा 2005 सालचा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, हे तिला कोणी सांगितलेले नव्हते. ज्यांना ठाऊक होते त्यांनीही सांगितले नव्हते. तिने नवऱ्याला निरोप पाठवला, की बोलणी होतील ती येथे, आमच्या ओसरीवर, आणि आधी तू काय काय केलेस ते चार माणसांत तुझ्या तोंडाने सांग. तो अद्याप आलेला नाही. ती जाईल की नाही ते तिचे ती ठरवील.

धाकटीला परवा विचारले, तुझ्या त्या गोष्टीचे पुढे काय झाले? ती म्हणाली, "दोनशे भाग झाले काका, तो अजून माफीच मागतोय. हिशेब काही सांगत नाही." एवढे बोलून तिने मोबाईल खिशात ठेवला आणि डबा उघडला.